मस्टँगला आधी इनटेक की एक्झॉस्ट?

प्रश्न थोडक्यात असा: २०१६ ची मस्टँग जीटी, पाच लिटरचं व्ही-८, मॅन्युअल गिअर. गाडी कॅलिफोर्नियात, रोज ऑफिसला जाते. कोल्ड एअर इनटेक (इंजिनात हवा नेणारी नळी आणि फिल्टर), कॅट-बॅक एक्झॉस्ट (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे ‘कॅट’च्या, मागचे पाइप आणि मफलर) आणि लाँग ट्यूब हेडर (सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या लांब नळ्या) अशी यादी तयार आहे, पण पैसे तिन्हीला एकदम पुरत नाहीत. मग सुरुवात कशापासून करावी आणि किती हॉर्सपॉवर वाढेल? शिवाय मित्राकडे १९७० ची, ३५० घन इंचांच्या इंजिनाची, कार्ब्युरेटरवाली कमॅरो आहे. तिलाही हाच हिशेब लागू पडतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. त्या दोन गाड्यांचा बांधा दिसायला सारखा, पण श्वास घ्यायची तऱ्हा पूर्ण वेगळी. कमॅरोकडे नंतर येतो.

आधी एक विचारतो, आणि त्याचं उत्तर मला नको, स्वतःला द्या. तुम्हाला ताकद हवीय की आवाज? गेली अठरा वर्षं मी याच गाड्यांच्या खाली झोपून काम करतोय. ‘हॉर्सपॉवर वाढवायचीय’ म्हणत येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना खरं तर आवाज हवा असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, व्ही-८ घेतलंच कशाला मग! पण आवाजासाठी खर्च करून डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावर ताकद शोधत बसलात तर नाराज व्हाल.

आता ताकदीचं. तुमचं इंजिन ४९५१ सीसीचं आहे आणि ७००० आरपीएमपर्यंत फिरतं. फोर स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. म्हणजे पूर्ण वेगात ते सेकंदाला जवळजवळ २९० लिटर हवा ओढतं आणि तेवढीच, पण तापून फुगलेली, मागून बाहेर ढकलतं. या वाटेवर कुठेतरी अडतंय का, आणि कुठे, हा खरा प्रश्न. जिथे अडत नाही तिथली नळी बदलून काही मिळत नाही, मग ती कितीही चकचकीत असो.

अडतंय कुठे हे मोजता येतं, आणि मोजायला लागणारं साधन हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पारदर्शक प्लास्टिकची बारीक नळी घ्या, साधारण अडीच मीटर. एका फळीवर ती इंग्रजी यू आकारात ताणून बसवा, दोन्ही बाहू पाऊण मीटर उंच ठेवा आणि निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. शेजारी मोजपट्टी चिकटवा. एक टोक उघडं सोडा. दुसरं टोक लांब रबरी नळीने एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त सोडणारी झडप) यांच्या मधल्या पाइपला जोडा. बाहू उंच हवेत ते एवढ्यासाठी की पाणी इंजिनात ओढलं जाऊ नये. आता डायनोवर किंवा बंद ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडा आणि शेजारच्याला पाण्याकडे बघायला सांगा. फोनने व्हिडिओ काढलेला उत्तम, कारण आकडा दोन सेकंदच दिसतो.

समजा दोन्ही बाहूंतल्या पाण्याच्या पातळीत २५ सेंटीमीटरचा फरक पडला. त्याचा अर्थ थ्रॉटलपर्यंत पोचेस्तोवर हवेचा दाब सुमारे २.५ किलोपास्कलने उतरला. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल. म्हणजे अडीच टक्क्यांहून थोडं कमी. तुमच्या इंजिनाचे ४३५ हॉर्सपॉवर धरले, तर स्वर्गातून आणलेला, अजिबात न अडवणारा इनटेक लावला तरी दहा-अकरा हॉर्सपॉवरच्या वर त्याच्याकडे देण्यासारखं काही उरत नाही. तेही अगदी वरच्या आरपीएमला. ऑफिसला जाताना २००० आरपीएमवर तुम्ही हवा थ्रॉटलनेच अडवून धरलेली असते, तिथे फिल्टर मोठा की छोटा याने कणभर फरक पडत नाही. मग फिल्टर काढून तीच चाचणी एकदाच करा. आकडा २५ वरून १५ वर आला, तर दोष फिल्टरचा आहे आणि नवा कागदी फिल्टरही बराच काम करून जाईल.

मग लोक इनटेकने वीस-पंचवीस वाढले म्हणतात ते काय खोटं? सगळं खोटं नसतं, पण त्यात बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात. बहुतेकदा सोबत ट्यूनही, म्हणजे इंजिन कॉम्प्युटरचं सेटिंग, बदललेला असतो. दुसरं, डायनोवर गाडी बॉनेट उघडं ठेवून आणि समोर मोठा पंखा लावून चालवतात. इंजिनाच्या शेजारी उघडा बसवलेला कोन फिल्टर तिथे थंड हवा पितो आणि झकास आकडे देतो. तोच फिल्टर बॉनेट लावून ट्रॅफिकमध्ये रेडिएटरची गरम हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे मघाशी पाण्याच्या नळीत जे अडीच टक्के शोधले, ते एवढ्यातच गेले. म्हणून इनटेक घ्यायचाच असेल तर बंद पेटीचा घ्या, ज्याचं झाकण बॉनेटला रबराने चिकटून बसतं. आणि ओबीडी रीडरवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) इनटेक एअर टेंपरेचर बघा: हायवेवर ते बाहेरच्या तापमानाच्या चार-पाच अंशांत राहायला हवं. कंपनीची मूळ पेटी हे काम चांगलं करते, कारण ती समोरून, रेडिएटरच्या पुढची हवा घेते. दिसायला काळी, कंटाळवाणी, पण अक्कल लावून केलेली वस्तू आहे ती.

आता इनटेकमधली खरी गोम, ज्यापायी मी लोकांना ताटकळत ठेवतो. तुमच्या गाडीत मास एअरफ्लो सेन्सर आहे. तो नळीच्या मधोमध बसतो आणि स्वतःवरून जाणाऱ्या हवेचा अंदाज घेतो. नळीचा व्यास किती हे त्याला कळत नाही, ते कॉम्प्युटरमध्ये आधीच गृहीत धरलेलं असतं. नळी तीन इंचांवरून साडेतीन इंच केली की क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. हवा तेवढीच, पण सेन्सरवरून संथ जाणार. सेन्सर म्हणणार, हवा कमी आली. कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडणार.

एकाने अशीच वापरलेली नळी विकत घेऊन घरी बसवली होती. तक्रार अशी की गाडी आधीपेक्षा चपळ वाटते, पण चढावर खडखडते. स्कॅनर लावला तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलात केलेली टक्क्यांतली दुरुस्ती, एका बँकेला (सिलिंडरच्या एका रांगेला) अधिक १६, दुसऱ्या बँकेला अधिक १७. मी नळी काढून कॅलिपर लावला: सेन्सरच्या जागी मूळ व्यास तीन इंच, हिचा सव्वातीन. हिशेब केला तर क्षेत्रफळात १७ टक्क्यांची वाढ. म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर बिचारा नळीचा व्यास टक्क्यासकट सांगत होता, वाचणारं कोणी नव्हतं. आणि ती ‘चपळ’ का वाटत होती? हवा कमी दिसली की कॉम्प्युटरला इंजिनावरचा भारही कमी वाटतो, आणि तो स्पार्क आणखी आधी देतो. भरल्या इंजिनाला नको इतका आधीचा स्पार्क मिळाला की ते ठोकणारच. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलची चूक काही मर्यादेत भरून काढतो, स्पार्कची नाही.

तेव्हा नळी घेताना सेन्सरच्या जागी व्यास मूळचाच आहे का बघा. नसेल तर त्याच नळीसाठी केलेला ट्यून हवाच. चॅलेंजरच्या ५.७ हेमीला हा त्रास नाही, ती हवा मोजत नाही, मॅनिफोल्डच्या दाबावरून गणित करते. म्हणून चॅलेंजरवाल्या मित्राचा ‘मी काहीच केलं नाही, नुसता बसवला’ हा अनुभव तुम्हाला लागू नाही. आणि तेलाचा कापडी फिल्टर घेतलात तर धुतल्यानंतर तेल हात राखून लावा, जादा तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसतं.

कॅलिफोर्नियाचं सांगितलंच पाहिजे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा असा भाग बदलायचा असेल तर त्याला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर लागतो. तो नंबर तुमच्याच मॉडेलसाठी आणि वर्षासाठी आहे ना हे बघा आणि स्टिकर बॉनेटखाली दिसेल असं लावा. ट्यूनलाही हेच. जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये (राज्याच्या धुराच्या तपासणीत) इंजिन कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर मूळचं किंवा मान्यताप्राप्त आहे का हेही तपासतात, आणि नसेल तर गाडी नापास होते. तुमची २०१६ ची गाडी आता दर दोन वर्षांनी त्या तपासणीत जाणारच.

लाँग ट्यूब हेडरचा निकाल इथेच लागला. खरी ताकद त्यात आहे हे मी नाकारत नाही. योग्य ट्यूनसह या इंजिनावर सगळ्यात मोठी उडी त्यानेच मिळते, कारण प्रत्येक सिलिंडरची नळी लांब आणि वेगळी असते, आणि एकाचा बाहेर पडणारा झोत मागे जो पोकळ दाब सोडतो त्यावर पुढचा धूर ओढला जातो. पण ती लांब नळी बसवायला कॅट काढावे किंवा मागे सरकवावे लागतात, आणि रस्त्यावरच्या गाडीला अमेरिकेत कुठेच ते कायद्यात बसत नाही. ट्रेलरवरून ट्रॅकवर नेणारी गाडी असती तर वेगळं बोललो असतो. शॉर्टी, म्हणजे आखूड नळ्यांचे, हेडर जागेवर बसतात, काहींना मान्यताही असते, पण फायदा इतका किरकोळ की त्यासाठी इंजिनाच्या कुशीत हात घालून बोल्ट मोडून घ्यावेत असं मला वाटत नाही.

उरतो कॅट-बॅक, म्हणजे कॅटच्या मागचं सगळं. इथेही आधी मोजा. कॅटनंतरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी एक फिटिंग बसवा, त्याला मीटरभर तांब्याची नळी (धूर गार व्हायला) आणि तिच्या टोकाला ० ते १५ पीएसआयचा गेज. पूर्ण थ्रॉटलला वरच्या आरपीएमवर काटा जिथे थांबेल, तेवढाच आजार कॅट-बॅक बरा करू शकतो. काटा दोन पीएसआयच्या खाली राहिला तर आवाज सोडून फार काही मिळणार नाही. चार-पाच दिसला तर पैसे वाया जाणार नाहीत. या गाडीत साधारण पाच ते दहा हॉर्सपॉवर एवढीच अपेक्षा ठेवा. चाचणीत सेन्सर काढल्याने दिवा लागेल, नंतर कोड पुसून टाका.

कोणीतरी सांगेलच की ‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतं’. लागत नाही. लागतो तो वेग. नळी अवाच्या सव्वा रुंद केली की धूर आळशी होतो, खालच्या आरपीएमला ती ओढ जाते, आणि मग लोक म्हणतात बॅक प्रेशर कमी झालं म्हणून पिकअप गेला. नाव चुकीचं, दुखणं खरं. तुमच्या ताकदीला दोन बाजूंना अडीच-अडीच इंच पुरतात. तीन-तीन इंच पुढे सुपरचार्जर बसवणार असाल तरच.

आवाजाचा उगम माहीत असेल तर निवड सोपी जाते. तुमच्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-५-४-८-६-३-७-२. एक ते चार उजव्या बँकेत, पाच ते आठ डाव्या. आता नीट बघा: आठनंतर सहा, दोन्ही डावे. दोननंतर पुन्हा एक, दोन्ही उजवे. म्हणजे प्रत्येक बाजूच्या पाइपात धुराचे दोन ठोके लागोपाठ, मग खंड. अमेरिकन व्ही-८ ची ती गडगड-गडगड या असमान ठोक्यांचीच. शेल्बी जीटी३५० चा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) सपाट होता, तिथे ठोके डावे-उजवे आलटून पालटून पडतात, म्हणून ती गाडी किंचाळते, गुरगुरत नाही. दोन्ही पाइप जोडणारा एच पाइप ठोके थोडेच मिसळतो, आवाज जुन्या वळणाचा, खर्जातला राहतो. एक्स पाइप जास्त मिसळतो, आवाज वर चढतो आणि धारदार होतो, आणि वरच्या आरपीएमला एखाद-दोन हॉर्सपॉवरही जास्त मिळतात. मला स्वतःला एच आवडतो. हा हिशेब नाही, कान आहे.

मफलरमध्ये सरळ जाळीदार नळीचे सगळ्यात कमी अडवतात. त्यांच्यातलं भरण वर्षागणिक जळून उडतं आणि आवाज वाढत जातो, तेव्हा पहिल्या दिवशी ‘अजून थोडा हवा होता’ वाटलं तर गप्प बसा. कप्प्यांचे मफलर जास्त अडवतात, पण तो ठसका त्यांचाच.

रोजच्या गाडीत सगळ्यात जास्त पस्तावा होतो तो ड्रोनचा, म्हणजे एकसुरी घुमण्याचा. हायवेवर १८०० आरपीएमला व्ही-८ सेकंदाला १२० वेळा पेटतं. १२० हर्ट्‌झचा तो एकसुरी घुमा केबिनच्या पोकळीशी जुळला की अर्ध्या तासात डोकं उठतं. फुल थ्रॉटलचा व्हिडिओ बघून एक्झॉस्ट घेणाऱ्यांना हे कळत नाही. फुल थ्रॉटल तुम्ही दिवसात दहा सेकंद देता, १८०० आरपीएमवर दोन तास असता. तेव्हा कोणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर बसून हायवेवर वीस मिनिटं फिरून या, मग ठरवा. मधला रेझोनेटर (घुमा दाबणारा डबा) काढू नका. तरीही घुमलं तर उपाय आहे: पाइपाला एका टोकाने बंद असलेली शाखा जोडायची, लांबी नको असलेल्या लहरीच्या पाव भागाएवढी. गरम धुरात आवाज सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास जातो, म्हणून १२० हर्ट्‌झला ती मीटरभर भरते. बंद शाखेतला धूर मुख्य पाइपापेक्षा गार असतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी छोटी ठेवून कानाने जुळवावी लागते. आणि कॅलिफोर्नियात ९५ डेसिबलची मर्यादा आहे, पोलिसाने थांबवलं तर वाद तिथे घालत बसू नका.

धातूबद्दल पटकन: ३०४ स्टेनलेस गंजत नाही, ४०९ वर तांबूस थर येतो पण टिकतं. बेंड मँड्रेलचे हवेत, म्हणजे वळणातही नळी गोल राहते. दाबून वळवलेली नळी वळणावर चपटी होते आणि तिथेच अडवते.

आता कमॅरो. इथे चित्र उलटं आहे, कंपनीने दिलेले मॅनिफोल्ड आणि पाइप खरोखर अडवतात. पुरावा त्या काळच्या आकड्यांतच सापडतो. १९७२ पूर्वी ताकद ‘ग्रॉस’ मोजत: इंजिन बाकावर, एअर क्लीनर नाही, गाडीचा एक्झॉस्ट नाही. नंतर सगळं जोडून ‘नेट’ मोजू लागले. १९७१ साली दोन्ही आकडे मिळतात: एलटी-१ नावाचं ३५० इंजिन ग्रॉस ३३०, नेट २७५. ५५ हॉर्सपॉवरची ती दरी बरीचशी श्वासाच्या वाटेवरची आहे. मित्राने हेडर आणि अडीच इंची दुहेरी पाइप, मध्ये एच, एवढं केलं तरी फरक सीटला जाणवेल. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात स्मॉग चेक नाही, त्यामुळे ती डोकेदुखीही कमी.

कार्ब्युरेटर मात्र मोठा घेऊ देऊ नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. ३५० घन इंच गुणिले ५५०० आरपीएम भागिले ३४५६, म्हणजे ५५७ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा). रस्त्यावरचं इंजिन त्यातलं ८५ टक्के भरतं, म्हणजे ४७५ च्या आत. तरुणपणी मी त्याच इंजिनावर ८५० चा कार्ब्युरेटर आणि तीन इंची पाइप लावले, आणि सिग्नलवरून सुटताना गाडी खोकायला लागली. व्हेंच्युरीतून (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून) हवा इतकी हळू जायची की पेट्रोल उचललंच जात नव्हतं. ६०० चा लावला, गाडी सुटली.

मित्राला काउल इंडक्शनचं किंवा रॅम एअरचं (बाहेरची हवा थेट इंजिनाला देणारं) बॉनेट खुणावत असेल तर एवढं सांगा: ताशी १०० किलोमीटरला हवा समोरून जो दाब देते तो वातावरणाच्या अर्धा टक्काही नाही. ‘रॅम’ नावापुरतं. पण इंजिनाच्या उकाड्याऐवजी बाहेरची गार हवा मिळते, त्यासाठी ते जरूर लावावं. १९६९ च्या कमॅरोचं काउल बॉनेटचं हवा घ्यायचं तोंड विंडशील्डकडे असायचं ते उगाच नाही, काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब साचलेला असतो.

तर तुमच्या मस्टँगला: आधी पाण्याची नळी आणि गेज. मग रेझोनेटरसह अडीच इंची कॅट-बॅक. इनटेक त्यानंतर, तोही नंबर असलेला, बंद पेटीचा, आणि शक्य तर मान्यताप्राप्त ट्यूनसोबत एकत्र घेतलेला. हेडरचे पैसे टायरला ठेवा.

बसवताना सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा, पाइप रबरी हँगरवर सुटे लोंबू द्या, टोकं बंपरच्या खाचेत मधोमध आणा आणि मग पुढून मागे आवळत जा. चारही बाजूंनी बोटभर जागा राहिली पाहिजे, कारण तापल्यावर पाइप लांबतो आणि बंपरचं प्लास्टिक वितळवतो. शंभरेक मैलांनी, गाडी पूर्ण गार असताना, क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना टिक-टिक ऐकू आली आणि गरम झाल्यावर गेली, तर कुठलातरी सांधा फुटतोय, साबणाचं पाणी मारून शोधा.